शरणम्माची शिल्लक

नवी पेठ, सोलापूर
१४ जुलै २०२५

ती. स्व. शरणम्मा आत्यास,
अक्षताचे कृ. शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा आता बरा आहे, पण जिना चढताना ते मुद्दाम कण्हतात, म्हणजे आई चहा वर आणून देते. मी ज्या साड्यांच्या दुकानात बिलं करते तिथे सध्या गिऱ्हाईक कमी, म्हणून शुक्रवारी सुट्टी मिळाली. तुझा निराधार पेन्शनचा अर्ज अक्कलकोटला तालुक्याच्या कचेरीत देऊन आले.

आत्या, एक गोष्ट सांगायची आहे. आधी पाणी पी आणि मग पुढे वाच. अर्जात उत्पन्न विचारलं होतं, ते काही नाही असं लिहिलं. मग मला चैन पडेना. पोस्टात तुझे अडतीस हजार आहेत, ते कुठेच आले नव्हते. मी एका कोऱ्या कागदावर तेवढं स्वच्छ लिहिलं, खाली अर्जदाराची भाची म्हणून सही केली आणि तो कागद अर्जाला टाचून दिला. कारकुनांनी तो दोनदा वाचला. हे कुणी मागितलंय, म्हणाले. मी म्हटलं, मागितलं नाही, पण आहे. त्यावर ते म्हणाले, आता साहेबांना विचारावं लागेल.

मी चुकले का? तुझ्या शेजारच्या निंगव्वाच्या फोनवर सांगितलं असतं, पण तुला कमी ऐकू येतं, आणि निंगव्वा निम्मं स्वतःचं घालून सांगते. रागावलीस तरी चालेल, पण पत्रातच रागाव.

तुझी,
अक्षता


हिरेवाडी, ता. अक्कलकोट
२१ जुलै २०२५

चि. अक्षतास,
शरणम्माचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाणी न पिताच वाचलं. हसू बी आलं आन राग बी. कुणी न विचारता घरातलं सांगायची ही खोड तुला कुटनं लागली म्हणून लई विचार केला, तर आठवलं, मीच लावली की. तू सहा वर्षांची असताना दुकानदारानं आठ आणे जास्त दिले, तर मीच तुला भर उन्हात त्या दुकानात परत पाठवली हुती. तुझ्या बापानं तवाच सांगितलं हुतं, पोरगी जड जाईल.

पण त्या पैशाला शिल्लक म्हणू नको. ते माझ्या मातीचं हाय. मी गेल्यावर गावाला गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं जेवण द्यायचं, जंगमाला दक्षणा द्यायची, तुझ्या बापावर, चन्नवीरावर भार नको. त्यासाठी मी किती वर्सं बिनदुधाचा चहा पिले ते त्या साहेबाला ठाऊक हाय का? पलीकडच्या आळीतल्या शिवबाईनं दोन म्हशी विकून पोराला मोटारसायकल घेतली. तिच्याकडं काय न्हाय म्हणून ती गरीब. मी पोटाला चिमटा घेतला म्हणून मी सावकार. व्हय गं, मग मी बी म्हशी विकून मोटारसायकल घ्यायला हवी हुती का?

रागावून झालं. जेवत जा. रात्री डोक्याला तेल लाव, म्हणजे एवढे विचार यायचे न्हाईत.

तुझी आत्या,
शरणम्मा


नवी पेठ, सोलापूर
२९ जुलै २०२५

ती. स्व. आत्यास,
अक्षताचे कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझी मोटारसायकल बाबांना वाचून दाखवली. ते इतके हसले की गुडघा विसरून जिना उतरले.

मी मात्र रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. जिच्याकडे खरंच एक पैसा नाही तिला आधी मिळावं, हे मला पटतं. पण जिने जपून ठेवलं तिला बाहेर काढलं, तर ठेवायचंच कशाला, हेही पटतं. दुकानात बिल करताना हेच डोक्यात असतं. परवा एका बाईंना पैठणीवर टॉवेलचा भाव लावला.

कचेरीत पुन्हा गेले होते. कारकून म्हणाले, तलाठी तुझ्या घरी येऊन पोस्टात किती आहेत ते तुलाच विचारतील. मग ठरेल. पेन्शन मिळाली नाही तर औषधांचं कसं होणार या विचाराने मला झोप नाही, आणि हे सगळं माझ्या एका कागदामुळे. तलाठी आले की खोटं बोल असं मला लिहिता येत नाही. खरं बोल असं लिहायलाही हात धजत नाही.

डोक्याला तेल लावते. फरक नाही.

तुझी काळजी करणारी,
अक्षता


नवी पेठ, सोलापूर
१३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास,
अक्षताचे कृ. शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी. तुझी पेन्शन मंजूर झाली.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. माझा कागद समोर होता. पैसे कशासाठी ठेवलेत, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, आम्ही उत्पन्न विचारतो, साठवलेलं विचारत नाही. आणि जिने मरणासाठी ठेवलंय तिच्याकडे जगायला काही नाही, असंच मी धरतो. तलाठ्यांना यायची गरज नाही, असंही म्हणाले. कागद मला परत दिला.

पोस्टातल्या पैशांना हात लावू नकोस. ते तुझे आहेत आणि तिथेच राहू देत. गेले पंधरा दिवस तुझं पत्र नाही. रागावली नाहीस ना?

तुझी,
अक्षता


हिरेवाडी
२० ऑगस्ट २०२५

चि. अक्षतास,
शरणम्माचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आता तू पाणी पी.

तलाठी येणार म्हणून तू लिहिलंस, तवा मी विचार केला. खोटं बोलायचं तर ह्या वयात जीभ वळायची न्हाय. खरं बोलले तर पेन्शन जाईल. मग पैसेच नसले तर? म्हणून पोस्टातनं काढले आन श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, परवा, गावाला हुग्गीचं जेवण घातलं. माझ्या मातीचं. मी असतानाच. तुमाला कळवलं न्हाय, कारण तू पंगत थांबवली असतीस आन चन्नवीर रडला असता.

लोकांना काय कळंना. निम्मे पडल्या तोंडानं आले, कोण गेलं ते विचारत. जंगम शिवशरण स्वामी म्हणाले, प्रार्थना कुणासाठी म्हणू? मी म्हटलं, आधी बसा, हुग्गी निवतीया. मग एकेकजण माझ्याबद्दल चांगलं बोलाय लागला. निंगव्वा तर डोळ्याला पदर लावून घरी पळाली आन दहा वर्सांमागं नेलेली माझी चाळण घेऊन आली.

पोस्टमन महेश्वर पिशवी खांद्याला अडकवूनच पंगतीत बसला. तीनदा हुग्गी घेतली, वर तूप मागितलं. पान खाल्लं. हात पुसताना त्याला आठवलं, शरणम्मा, तुमचं पत्र हाय की. त्यात तुझी बातमी. पैशांना हात लावू नकोस हे वाचलं तवा शेवटची पंगत उठत हुती. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळी पंगत हसाय लागली. स्वामींना ठसका लागला.

मला काय वाईट वाटलं न्हाय बघ. मेल्यावर जेवले असते, पण मला कुटं दिसलं असतं? एवढीच खंत, लोक काय काय चांगलं बोलत हुते त्यातलं निम्मं ऐकू आलं न्हाय. म्हणून ठरवलंय, पेन्शनीतनं थोडं थोडं परत पोस्टात टाकायचं, कानाच्या मशीनसाठी. हे कुणाला लिहून देऊ नको.

शेंगापोळ्या एसटीनं पाठवल्यात. बापाला दोनच दे.

तुझी, अजून जिवंत असलेली आत्या,
शरणम्मा


नवी पेठ, सोलापूर
२८ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास,
अक्षताचे कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. तू म्हणालीस तसे रडले, पण तोंडात पोळी होती. आई म्हणते, आता आत्याला शंभर वर्षं जगावं लागेल, कारण जेवण देऊन झालंय.

परवा पेन्शनच्या शेवटच्या कागदावर सही करायला कचेरीत गेले होते. कारकुनांनी मला ओळखलं. पेन खाली ठेवून म्हणाले, यावेळी आणखी काही सांगायचं आहे का? मला तुझं कानाचं मशीन आठवलं. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग म्हटलं, नाही.

एसटीत बसेपर्यंत परत जाऊन सांगावं असं दोनदा वाटलं. वाटेतलं वळसंग गाव गेल्यावर हसू यायला लागलं.

मशीन घ्यायला तुला सोलापूरला यावं लागेल. मी बरोबर येईन. ते कानात बसलं की पंगतीत कोण काय बोललं ते निंगव्वाकडून पुन्हा वदवून घेऊ. निम्मं ती स्वतःचं घालेल, तेही ऐक.

मशीन आलं तरी पत्रं बंद करायची नाहीत. आहे तेवढी माया ठेव, आणि अधूनमधून रागावत जा.

तुझी भाची,
अक्षता