बाहेरची कडी

घोलवड, मंगळवार, संध्याकाळ

मी माझ्याच घरात कोंडला गेलोय. मनीषा लेकीला घेऊन दुधाला गेली आणि सवयीने बाहेरून कडी लावून गेली. बाबांना जाऊन महिना झाला, कडी तशीच आहे. मीच बसवली होती, त्यांच्यासाठी. चिकूच्या झाडावरून पडले, कंबर धरली, तरी उजाडलं की काठी टेकत वाडीत निघायचे. जन्मभर हा माणूस जेवणापुरता घरात आला. मला वाटलं, पुन्हा पडतील. चुकलं का माझं?

शेवटचे महिने या खिडकीपाशी स्टुलावर बसून काढले त्यांनी. एकदाच म्हणाले, "अरे, चढत नाय मी. नुसता झाडाखाली उभा राहतो." मी कामाला निघून गेलो. कडी लावून.

आता त्याच स्टुलावर बसलोय. इथे बसलं की झाडांचे शेंडेच दिसतात, वाडी दिसत नाही. हे मला माहीतच नव्हतं. शेजाऱ्यांना हाक मारायची तर लाज वाटते. बाबांनाही वाटली असेल.

आत्ता लेक बाहेरच्या ओट्यावर चढून खिडकीशी आली. गजांतून बघत म्हणाली, "पप्पा, आजोबांसारखा तू पण पडलास?"