शेवट सांगायचा नाही

८ नोव्हेंबर, शनिवार

वांदरानं घात केला.

चारची ऑनलाइन बैठक रंगात आली होती. मी अगदी शांतपणे सांगत होते — "या खेळातला एकटेपणा मला अंगावर येणारा वाटला नाही, उलट सोबत करणारा वाटला." वाक्य दुपारपासून तयार करून ठेवलं होतं. तेवढ्यात खिडकीतून दिसलं. टिनाच्या छपरावर वांदर, आणि तिथंच आईनं वाळत घातलेल्या मुंगवड्या. माझ्या तोंडून निघालं, "आई वं! वांदर आलं ना! काहून पाह्यत बसली, हाकल त्याले!"

माइक चालू.

अकरा जणांनी ऐकलं. कमी पडलं म्हणून की काय, समोरच्या बसस्टँडचा भोंगाही तेव्हाच बोलला — "आदिलाबादकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर…" तोही स्वच्छ गेला असणार.  मग आमच्या मंडळातले इंद्रजित म्हणाले, "बाहेरून कसलासा आवाज आला बहुधा. आपण पुढे जाऊ या."

पुढे गेलो. मुंगवड्याही गेल्या.

९ नोव्हेंबर

कालचं डोक्यातून जात नाही. नवीन आलेल्या धर्मपालनं त्या गोंधळावर फक्त हसरा चेहरा टाकला होता. बाकी कोणी काहीच म्हटलं नाही, हेच जास्त लागलं.

मंडळाला दोन वर्षं झाली. 'छोटे खेळ मंडळ' हे नाव माझंच. मोठ्या कंपन्यांचे मारधाडीचे खेळ आम्ही घेत नाही. एकट्यादुकट्या माणसानं घरी बसून बनवलेले व्हिडिओ गेम असतात, लहान, विचित्र, कधीकधी फार सुंदर — ते खेळायचे आणि शनिवारी ऑनलाइन जमून त्यावर बोलायचं. नियमही मीच केले. गाव, नोकरी, आडनाव कोणी कोणाला विचारायचं नाही. आडनाव विचारलं की पुढचं सगळं आपोआप विचारून होतं. सगळ्यांचा खेळ संपत नाही तोवर शेवट सांगायचा नाही. आणि ज्याचा संपला त्यानं आवाजात निदान दोन वाक्यं बोलायचीच, लिहून भागणार नाही. हा शेवटचा नियम नुसतं ऐकून जाणाऱ्यांसाठी केला.

मी पांढरकवड्यात घरातच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते हे त्यांतल्या कोणालाही माहीत नाही. सगळे मला पुण्याची समजतात. मी तसं कधी म्हटलं नाही. नाही असंही कधी म्हटलं नाही. मंडळाची मराठीच तशी आहे. इंद्रजित तर बोलताना 'तथापि' म्हणतात. तोंडानं! त्यांचं ऐकून मीही वाक्यं घासूनपुसून आणते.

आई परवा म्हणाली, "तू त्याइच्याशी बोलते ना, तवा वाटते कोनाची पाहुनी आली घरात." मी हसले. मग दिवसभर ते हसू काही पुन्हा आलं नाही.

घरी 'मले' म्हणते, पण डायरीतसुद्धा 'मला' लिहिते. कोण तपासणार आहे?

१२ नोव्हेंबर

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेल्या काकांनी स्क्रीनवर खेळ पाहिला. म्हणाले, "ते पैशाची रमी तर बंद झाली म्हनते. तुहं काहून चालू आहे?" सांगितलं, यात पैसे नसतात. "मंग खेलता कायले?" याचं उत्तर दोन वर्षांत सापडलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवीन खेळ सगळ्यांना आवडलेला दिसतो. 'दिसतो' एवढंच म्हणता येतं, कारण बोलता येत नाही. एक मुलगी कंदील घेऊन बर्फातून आपल्या घरी निघाली आहे. वाटेत माणसं भेटतात, तिला विचारतात, ती नुसती मान हलवते. सगळा खेळ ती मुकी. तीन तासांत संपतो. फोनवरही चालतो. आणि शेवट असा आहे की प्रत्येकाला कधी एकदा बोलतो असं झालंय.

शेवट इथंही लिहीत नाही. नियम म्हणजे नियम.

सगळ्यांचा संपला, फक्त धर्मपाल राहिला. हा नवरात्रात आला. मागच्या खेळाला त्याचा माइक बिघडला होता. आज त्यानं लिहिलं, "चालू आहे." म्हटलं, ठीक. पुढच्या शनिवारी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

"चालू आहे."

आम्ही तासभर बर्फाच्या रंगावर बोललो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

"चालू आहे."

आज कंदिलावर बोललो. अर्पिता म्हणाली की त्याचा पिवळा रंग हळदीसारखा आहे. त्यावर वीस मिनिटं. अर्पिता माझ्यासोबत मंडळ सांभाळते, म्हणजे मी चिडले की ती मला फोनवर ऐकून घेते. बैठक संपल्यावर म्हणाली, "रंजिता, आता तर तो खेळ मीच विसरायला लागले आहे."

६ डिसेंबर, शनिवार

धर्मपाल आधीच लिहून मोकळा झाला होता, आज जमणार नाही. बाकीचे जमले. कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दोघं मध्येच निघून गेले. इंद्रजित अतिशय सभ्यपणे म्हणाले, "एका सदस्याच्या संथपणापायी अकरा जणांनी मौन पाळणं कितपत न्याय्य आहे?" मी म्हटलं, नियम सर्वांना सारखा. ते म्हणाले, "नियम सदस्यांसाठी असतो की सदस्य नियमासाठी?"

 वऱ्हाडीत उत्तर होतं. चांगलं होतं. पण ते तिथं कसं देणार?

१३ डिसेंबर, शनिवार

"चालू आहे."

इंद्रजितनं आज स्पष्टच मांडलं. पुढच्या शनिवारपर्यंत धर्मपालचा खेळ संपला नाही तर त्याला वगळावं, नाहीतर ते स्वतः बाहेर पडतील. पाच जण लगेच म्हणाले, आम्हीही.  अर्पिता त्यांच्यात नव्हती, पण कंटाळली तीही आहे.

पाच आणि इंद्रजित गेले तर मागे राहतं काय? आई, झेरॉक्सचं मशीन आणि उत्पन्नाचे दाखले. दिवसभर मी लोकांची नावं, जन्मतारखा, आधार नंबर टाइप करते. आठवड्यातून एकदा मला कोणीतरी विचारतं की तुला काय वाटलं. ते गेलं तर फार वाईट होईल. साधं सांगायचं तर मला भीती वाटते.

आणि माणसाला हळू खेळतो म्हणून काढायचं? खेळाच्या मंडळातून?

१७ डिसेंबर

चार दिवस टाळलं. आज धर्मपालला मेसेज केला. शुद्ध मराठीत. "आपल्याला काही अडचण असल्यास कळवावे. शनिवारपर्यंत खेळ पूर्ण न झाल्यास नाइलाजाने निर्णय घ्यावा लागेल." पाठवला आणि स्वतःचाच राग आला. बँकेची नोटीस वाटत होती.

संध्याकाळी उत्तर आलं. "मॅडम उद्या साडेअकराले येतो. गाडी दहा मिनिट थांबते. भेटू."

विचारलं, कुठे?

"तुमच्या स्टँडवर."

फोन टेबलावर उलटा ठेवला. मग पुन्हा सरळ करून वाचला. तेच लिहिलेलं होतं.

१८ डिसेंबर

आदिलाबादची गाडी पावणेबाराला आली. फलाट दोन. ड्रायव्हरच्या दारातून चाळिशीचा माणूस उतरला, खाकी शर्ट, कपाळावर घाम. थंडीत! मी दुकानाच्या दारात उभी राहून वाट पाहत होते; इकडेतिकडे पाहून तो सरळ माझ्याशी आला.

"रंजिता मॅडम ना?"

"तुम्हाला कसं कळलं मी इथं असते?"

"वांदर आलं तवा मांगून भोंगा बोलला नाई का. आठ वर्सं झाले आयकून राह्यलो तो भोंगा. 'फलाट क्रमांक दोनवर' म्हनजे माह्याच रूटची गाडी." मग घाईनं म्हणाला, "कोनाले सांगतलं नाई बरं. गाव विचाराचं नाई असा नियम आहे तुमचा."

मी चहा मागवला. तो उभ्यानंच प्यायला. विचारलं, दादा, तीन तासांचा खेळ तुमच्यानं महिन्याभरात होत नाही?

"पयल्याच आठवड्यात झाला."

"मग 'चालू आहे' का लिहिता?"

"संपला म्हनलं तं बोला लागते ना मॅडम. दोन वाक्यं. आवाजात." त्यानं गाडीकडे पाहिलं. कंडक्टर दारात उभी राहून घड्याळ दाखवत होती. "तुमी सारे कसे बोलता. ते इंद्रजित सर तं पुस्तकावानी बोलते. आमाले हे असंच येते. मी बोललो का हसतीन नाई तं गप बसतीन. गप बसले तं जास्त खराब वाटते."

"मग मंडळ सोडलं का नाही?"

"सोडनारच होतो. त्या दिवशी सोडाचं म्हनूनच बसलो होतो. तेवढ्यात तुमी वराडल्या, 'काहून पाह्यत बसली.'" तो हसला. "म्हनलं, आपल्यातलं बी कोनी आहे."

 मी त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला.

कंडक्टरनं बेल दिली. जाता जाता तो वळला. म्हणाला, "तो शेवट मॅडम… दारापाशी येते ना ते पोरगी, अन् लिहाचा डबा येते रिकामा — घरी आली, आता काय म्हनशील ते लिही. जे लिहू तेच ते बोलते. पयल्यांदा बोलते, अन् दार उघडते. म्या लिहिलं ना, मंग ड्युटीवर ते आठवलं तं मले गाडीच लावा लागली बाजूले."

"काय लिहिलं?"

"ते शनवारी. सगळे असतीन तवा. शेवट सांगाचा नाई."

आणि गाडी गेली. माझ्याच नियमानं मला गप्प केलं.

१९ डिसेंबर

आईला विचारलं, बाहेरगावाहून घरी आलं की दारात काय म्हणायचं? मी खेळात लिहिलं होतं, "मी पोहोचले." आई म्हणाली, "असं कोन म्हनते वं घरात? तारमास्तर आहे का तू?"

मी ते खरंच लिहिलं होतं. मुलीनं ते म्हटलं आणि दार उघडलं. तेव्हा फार छान वाटलं होतं. आता लाज वाटते.

२० डिसेंबर, शनिवार

सगळे आले. कोण वगळलं जातं ते पाहायला कोणीही येतं.

सुरुवात मी केली. वाक्य तयार केलं नव्हतं. म्हटलं, "मी पांढरकवड्याची आहे. माहं झेरॉक्सचं दुकान आहे. ते वांदर खरं होतं, अन् वराडली ते मीच. आजपासून मले जसं येते तसंच बोलीन."   मी पुढे म्हटलं, सगळ्यांचा खेळ संपलेला आहे, आज शेवट बोलायचा. धर्मपालदादा, पहिले तुमी.

आधी खरखर आली. मागे इंजिनाचा आवाज होता.

"मी धर्मपाल. येष्टीवर ड्रायव्हर आहे. त्या पोरीले दारात बोला लागते शेवटी. मले वाटलं, इतकी वाट चालून आली, आता परक्यावानी काहून बोलनार ते. मी ड्युटीवरून घरी जातो तं आई दारातच बसली राह्यते. मी जे म्हनतो तेच लिहिलं." थांबला. "'जय भीम, आई.' एवढंच लिहिलं. अन् ते पोरगी तसंच बोलली."

  मी इंद्रजितच्या नावाकडे पाहत होते. त्यांनी माइक चालू केला. श्वास ऐकू आला. "मी…" म्हणाले.

आणि लाईन गेली.

पंखा, राउटर, कॉम्प्युटर, सगळं बंद. मोबाइल सकाळपासून मेलेला, चार्जिंगला लावायचा राहिला होता. आई म्हणे रोहित्र जळलं आहे, आता उद्याच. मी अंधारात बसून मनातल्या मनात इंद्रजितचं ते वाक्य पुरं करत राहिले. प्रत्येक वेळी ते वाईटच होत होतं. धर्मपालला मीच बोलायला लावलं. कोणी काही वेडंवाकडं बोललं असेल तर त्याला कुठल्या तोंडानं भेटू?

हे मेणबत्तीवर लिहीत आहे. अक्षर वाकडं येतंय.

२१ डिसेंबर

लाईन सकाळी आली. मोबाइल लावला. इंद्रजितचा आवाजी मेसेज होता, मंडळात सगळ्यांसाठी. आईला जवळ बसवलं आणि लावला.

"जय भीम, धर्मपालदादा. चुकलं माह्यं. मी मारेगावचा आहे. दोन वर्सं झाले, तुमाले पुन्याचे समजून घाबरत बोलून राह्यलो होतो. म्या लिहिलं होतं — आलो वं माय."

मले तो मेसेज आणखी दोनदा आयका लागला. आई म्हणे, मारेगाव तं इथंच आहे, जेवाले बोलाव त्याले.