सोपानच्या ताडपत्रीवरचा टॉर्क कन्व्हर्टर

चिरंजीव सार्थक यास,

पिंपळवंडीहून हौशीराममामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, मामीचा गुडघाही सध्या फारशी कुरकुर करत नाही. तू जिममध्ये वजनं उचलतोस असं ऐकलं. ती आमच्याकडे पोत्यांत भरलेली असतात, कधीही ये. (फोनवर तू मला मध्येच अडवतोस, म्हणून पत्र.)

तर तुझं काम झालं, रविवारच्या शर्यतीची काळजी सोड. तुझी गाडी आळेफाट्याला सुभाष मेस्त्रीकडे गिअरबॉक्स उघडून पडली आहे आणि तिला जुना पण चांगला टॉर्क कन्व्हर्टर हवा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा तेलाचा गोल डबा, एवढं मला पाठ झालं आहे. तू फोटो पाठवून कळवलंस की बेल्ह्याच्या भंगारवाल्याकडे हाच ठेवलाय, फक्त उचलून आणा. आता बाळा, ज्या माणसाला बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखायला लोक घरून बोलावून नेतात, त्याला तू फक्त उचलायला सांगतोस? मी रागावलो नाही (मामी म्हणते रागावलो), पण गेलो तो पारख करायच्या तयारीनेच.

तुझा डबा पाहिला आणि मला तुझी कीव आली. तेलाला जळका वास नव्हता, कानाशी धरून हलवला तर आत काही खुळखुळत नव्हतं, पण अंगानं अगदीच किरकोळ. एवढ्या दांडग्या गाडीला एवढासा डबा? भंगारवाला म्हणत होता, "भाऊ, पोरानं ह्योच सांगितलाय, ह्योच न्या." शेजारी दुसरा होता, भरदार, दोघांनी उचलावा असा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिथंच ठरवलं.

तेवढ्यात आपला शेजारी सोपान आला. (मी नाकारलेला बैल घ्यायचा, मी पेरू नको म्हटलं की पेरायचं, हा त्याचा जन्माचा नेम.) मी सहज म्हणालो की तो लहान डबा कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. "तू नको म्हंतो म्हंजी माल लई चांगला असनार," असं म्हणून त्याने तो लगेच घेतला. त्याच्याकडे गाडीच नाही. पण तसं म्हणालो असतो तर त्याने गाडीही घेतली असती, म्हणून गप्प बसलो.

या शर्यतीसाठी तू वर्षभर खपलास. तू जिंकावंस असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच एवढी मेहनत घेतली.

तुझा,
हौशीराममामा

ता. क. सुभाषने मोठा डबा पाहिला. तो कुठल्याशा बसचा निघाला. "मामा, गाडी ह्याच्यात बसवायची का?" असं त्याने विचारलं. शर्यतीच्या गाडीला लहानच लागतो म्हणे, त्यानं ती सुटताना झेप घेते. माझी पारख चुकलेली नाही, फक्त जनावर वेगळं होतं.

आणखी एक. तुझा डबा सोपानच्या कडब्याच्या गंजीवर आहे, ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेला. मी मागितला तर तो जन्मात देणार नाही. तेव्हा पत्र वाचताच तू त्याला फोन कर आणि सांग, मामांनी बजावलंय की काही झालं तरी तो डबा सुभाष मेस्त्रीकडे पोचता कामा नये. संध्याकाळच्या आत तो स्वतः नेऊन देईल. ताडपत्रीवर मग वजन लागेल, त्याची काळजी करू नकोस. माझा मोठा डबा सोपानला काही केल्या देणार नाही, असं मी आजच पारावर चारचौघांत सांगून ठेवलं आहे.