दुपारी चारचं रीडिंग

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही हातीपायी धड आहोत. फोनवर बोलता येणार नाही असं काही सांगायचं आहे, म्हणून कागद काढला. तुझा फोन आला की तुझी आई मला खेटून बसते, आवाज मोठा करायला लावते आणि तू काय म्हणालीस ते मला पुन्हा सांगते, जसा काही मी ठार बहिराच. तिच्यासमोर हे बोलणं जमायचं नाही. आत्ता ती खिडकीपाशी मटार सोलत बसली आहे, तेवढ्या वेळात उरकायचं म्हणतो.

तर बातमी अशी, की आपल्याकडे नवा स्मार्ट मीटर बसला. तुझ्या मनासारखं झालं. तीन महिने तू हात धुऊन मागे लागली होतीस. अर्ज तूच भरलास, नंबरही तुझाच दिलास आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही आता कशातच लक्ष घालू नका, मला इथे बसून सगळं फोनवर दिसेल. त्या ‘सगळं’वर माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरीला अचानक आमच्या विजेचा एवढा पुळका का आला? कुणी काही कानावर घातलं की काय? मी ‘बघू’ म्हणालो. तुझ्या बापाच्या ‘बघू’चा अर्थ तुला दुधाचे दात होते तेव्हापासून माहीत आहे.

इमारतीत तर या मीटरवरून नुसती धुमश्चक्री चालली आहे. खालच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणतात, हा पळतो. जुना मीटर काढायच्या आधी त्यांनी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवलेत, उद्या कोर्टात लागले तर असावेत म्हणून. वरचा चष्मेवाला म्हणतो, आत कान बसवलाय, आपण जेवताना काय बोलतो ते तिकडे ऐकू जातं. त्याच्याकडे जेवताना भांडणाशिवाय दुसरं काही होत नाही, तेव्हा ऐकणाऱ्याची मला दयाच येते. शेजारची नर्स म्हणते, कुठेतरी दूर बसून एक बटण दाबतील आणि आपल्याकडे अंधार करतील. बत्तीस वर्षं घरोघरी हिंडून मीटर वाचले म्हणून सगळे मला जिन्यात गाठून विचारतात, काका, तुम्हाला काय वाटतं? मी गंभीर चेहरा करतो आणि मान हलवतो, त्यातून ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. खरं म्हणशील तर मीटर पळत नाही. जुने मंदावले होते, माझ्यासारखेच. आणि कान तर त्याला मुळीच नाही. पण बाई, कानाची त्याला गरज काय? मला महिन्यातून एकदाच आकडा दिसायचा, तेवढ्यावर मी सांगायचो की या घरी पाहुणे येऊन राहिलेत, त्या घरच्या माणसाची नोकरी सुटली असून तो दिवसभर पंख्याखाली पडून असतो, पलीकडे सून माहेरी गेली ती परत आलेली नाही. हा नवा तर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतो. तो काहीतरी खोटं सांगेल अशी सगळ्यांना धास्ती आहे. मला धास्ती होती ती तो खरं सांगेल याची.

म्हणून मीटर बसवणारे दोघे आले तेव्हा मी त्यांना टोलवलं. पहिल्यांदा म्हणालो, मीटरच्या पेटीची किल्ली सापडत नाही. किल्ली खिशातच होती. दुसऱ्यांदा म्हणालो, घरात आजारी माणूस आहे, आज वीज बंद करता येणार नाही. तिसऱ्यांदा दारात आडवा उभा राहिलो आणि त्यांचं ओळखपत्र एवढा वेळ निरखलं की त्यांतला मोठा वैतागून म्हणाला, काका, तुम्ही आमच्याच खात्यातले ना, मग असं काय करताय? काय करतोय ते त्याला काय सांगणार. मागच्या आठवड्यात मी औषधं आणायला कोपऱ्यावर गेलो तेवढ्यात ते आले, आणि तुझ्या आईनं दार उघडलं. किल्ली कधी नव्हे ती खुंटीला होती. परत येतो तर नव्या पेटीत हिरवा दिवा मिचमिच करत होता आणि आपला जुना मीटर त्यांच्या पिशवीत गेला होता. स्टुलावर चढून त्याच्या चकतीवरचा काळा ठिपका तू बघायचीस, चकतीबरोबर स्वतःभोवती फिरायचीस आणि भोवळ येऊन माझ्या अंगावर पडायचीस. तुझं नाव तिथूनच पडलं. तो ठेवून घेऊ का म्हणून विचारलं, नाही म्हणाले. जाताना त्यांतला धाकटा हळूच म्हणाला, काका, काकूंनी आम्हाला चार वेळा पाणी दिलं, आणि चारही वेळा विचारलं, तुम्ही कोण.

आता तुला कळायला लागलं असेल. कळलं असेल तर पत्र खाली ठेवून घोटभर पाणी पी, मग पुढे वाच.

मी नोकरीत असताना घराला कुलूप दिसलं की वहीत ‘दार बंद’ असा शेरा मारायचो. मग ऑफिस मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून तोच आकडा पुढे चालवायचं. कागदावर घर अगदी नेहमीसारखं दिसायचं. माझ्या भागात एक शिवणकाम करणारी बाई होती, एकटी. तिचा आकडा हळूहळू उतरत गेला. मला वाटलं, मशीन विकलं असेल. एकदा आत गेलो तर संध्याकाळची वेळ, आणि ती बाई अंधारात बसून चाचपडत सदऱ्याला बटण लावत होती. दिवा का लावत नाही म्हटल्यावर म्हणाली, मला आता त्याचा उपयोग नाही. भावाला कळलं तर तो काम बंद करेल आणि इथून हलवेल, तेवढं कुणाला बोलू नका. मी नाही बोललो. उलट तिला सोपं जावं म्हणून पुढचे कितीतरी महिने तिच्या नावापुढे ‘दार बंद’ लिहीत गेलो. मला वाटत होतं मी पुण्य करतोय. शेवटी भावाला कळलंच, त्यानं डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाला, सहा महिने आधी आणलं असतं तर एक डोळा वाचला असता. तो भाऊ मला रस्त्यात भेटला आणि एवढंच म्हणाला, तुम्हाला माहीत होतं ना? मी छत्री बंद करायचं निमित्त करून खाली बघत राहिलो. अजूनही ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

भिंगरी, गेले आठ महिने मी तुला सरासरीच कळवतोय. रविवारी तुझा फोन यायच्या आधी अर्धा तास मी तुझ्या आईची उजळणी घेतो. जावयाचं नाव, नातीचं नाव, तिचे पुढचे दोन दात पडलेत, तुमच्या घराला नवा रंग दिलाय. ती परीक्षेला बसल्यासारखी ऐकते आणि फोनवर अगदी सुरेख म्हणून दाखवते. तू म्हणतेस, आई किती छान बोलते हो. फोन ठेवला की ती मला विचारते, कोणाचा होता? इस्त्री चालू ठेवून ती दोनदा विसरली, टेबलावरचं कापड जळलं, तेव्हापासून इस्त्री कपाटावर बॅगेमागे आहे. डॉक्टरकडे एकदाच नेलं. ते म्हणाले, तपासण्या करू, मुलीलाही बोलवा. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. कारण सांगतो, मग वाटेल तेवढी रागाव. शेजारच्या नर्सच्या आईचं असंच सुरू झालं तेव्हा तू म्हणाली होतीस, अशा माणसाला एकट्या म्हाताऱ्याच्या भरवशावर घरी ठेवणं हा गुन्हा आहे. बरोबरच बोललीस. मी मात्र त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. तू तिला घेऊन जाशील याची मला भीती वाटते. शेहेचाळीस वर्षांत ती माझ्यावाचून चार रात्रीही कुठे राहिलेली नाही, आणि मी तिच्यावाचून कसा राहीन ते मला ठाऊक नाही.

मीटर बसवणाऱ्या त्या दोघांना मी विचारून ठेवलंय. पंधरा दिवसांनी आपल्या घराचे आकडे तुझ्या फोनवर दिसायला लागतील. आज सहावा दिवस, आणि पत्राला पाच दिवस लागतात. मीटरच्या आधी मी पोचावं एवढ्यासाठी हा खटाटोप. त्यात तुला रोज एक विचित्र गोष्ट दिसेल, दुपारी चारला आलेख ताडकन उंच जाईल. तू हुशार आहेस, लगेच म्हणशील, बाबा, दुपारी चारला आपल्याकडे गिझर कोण लावतं, वायरिंग तपासून घ्या. वायरिंगला काही झालेलं नाही. लहानपणी तू चारला पोहून यायचीस, ओठ निळे पडलेले, दात वाजत असायचे. तुझी आई तुझं पाणी तापवते. मग टॉवेल घेऊन दाराशी उभी राहते, सव्वापाचपर्यंत. एकदा मी बटण बंद केलं तर रडली, म्हणाली, पोर गारठेल. त्यानंतर मी त्या बटणाला हात लावलेला नाही. ये. डॉक्टरकडे तिघं मिळून जाऊ, मला काय बोलायचं ते बोल, पुढचं तू ठरवशील तसं करू. फक्त येशील त्या दिवशी चारच्या आत पोच, पाणी तापलेलं असेल.

तुझाच,
‘दार बंद’ लिहायचं सोडलेला,
बाबा