देवी आल्याचा सांगावा

उरण, ६ मार्च

चि. रुतिकास पुतळाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की शेजारच्या खोलीत तुझ्या बाबांना सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. शेजारचा कल्पेश कंटेनर घेऊन महापेला येतोय, तुझ्या लॅबच्या गेटवर देईल. दादाच्या तोंडावर, छातीवर पुरळ उठलंय. देवी आल्यात. दाराला कडुलिंब बांधला, फोडणी बंद केली. देवी घरात असताना औषध देत नाहीत, म्हणून फुप्फुसाच्या गाठीची गोळीही थांबवलीय.

तू चिडशील. चीड, पण पत्रातच चीड. माझीही पाठ धरलीय ग. तू वेळेवर जेवतेस ना, की लॅबमधल्या त्या पेशींनाच भरवत बसतेस?

माया आटू देऊ नकोस.
तुझी आत्या

सानपाडा, ७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, हात जोडते, त्या देवी नाहीत. पुरळ गोळीचंच आहे. पेशीच्या अंगावर निरोप ऐकणारे रेणू असतात. बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की तो आत एकाकडून दुसऱ्याकडे जातो, गावकीचा सांगावा घरोघर जातो तसा, आणि एका पेशीच्या दोन होतात. बाबांच्या गाठीत तो ऐकणाराच बिघडलाय. कुणी काही न सांगता ‘वाढ, वाढ’ करत सुटलाय. गोळी त्याला गप्प करते. पण कातडीचंही त्या निरोपावाचून चालत नाही, म्हणून तिच्यावर असं पुरळ उठतं.

दिवसभर लॅबमध्ये हेच बघते, घरी येऊन हेच लिहिते. भांडायची ताकद नाही उरली. आजच गोळी सुरू कर. आई गेल्यावर मला बाबांशिवाय कोण आहे?

आहे तसा जीव लावत राहा.
रुतिका

उरण, ९ मार्च

चि. रुतिकास आशीर्वाद.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. आता खरं सांगते. देवी नाहीत हे मलाही कळत होतं. दादाच म्हणाला, पोरीला देवी सांग, देवीपुढे कोणी वाद घालत नाही. त्याचं तोंड आलंय, जुलाब थांबत नाहीत, नखांच्या कडा फाटल्यात. जाळं शिवायला बसला तर दोऱ्याला रक्त लागतं. चार दिवस गोळीतून सुटका हवी होती त्याला. तुला सांगायला धजत नव्हता. फोनवर तू पहिलं विचारतेस गोळी घेतली का, तो बरा आहे म्हणतो, आणि ठेवून देतो.

पत्र ऐकून विचारत होता, ‘थांब’ असाही निरोप पेशीला असतो का.

राग धरू नकोस, तुला शपथ आहे.
आत्या

सानपाडा, १० मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

असतो, बाबा. ज्या पेशी तो ऐकत नाहीत, त्यांचीच गाठ होते.

आज डॉक्टरांना विचारलं. गोळीला थोडे दिवस विसावा देता येतो, मग कमी ताकदीची देतात, तोंडाला आणि नखांना मलमही आहे. फक्त हे आपल्या मनाने करायचं नसतं. शनिवारी तुम्हाला घेऊन जाते.

त्याआधी कुठे कुठे दुखतंय ते सगळं मला सांगा. मी मध्ये बोलणार नाही. कंटाळलो म्हणालात तरी नाही. तुमचं सांगून झालं की माझं एकच ऐका, मला तुम्ही अजून हवे आहात.

तुमची रुतिका