उन्हावर चालणारा आवाज

१६ ऑगस्ट, शनिवार
काल वीज पडली अन् गावची डीपी जळाली. पोळ्यापर्यंत लाइन येईल म्हणतात. म्हणजे नाई येत. पण आपल्याले काय! लेकीनं, मंजूनं, पुण्याहून धाडलेला सोलरचा डब्बा हाय. पाटी टिनावर, डब्बा ओसरीत. गळ्याचं मशीन लावलं, दीड तासात फुल्ल. मंजे, तुहं भलं होवो.
तंबाखूच्या खर्र्यानं आवाज खाल्ला, ऑपरेशनात गळ्यातली पेटीच गेली. मशीन गळ्याले टेकवलं त बोलता येते, नाई त मुका. बॅटरी जुनी, अर्धा दिवसच पुरते.

१७, रविवार
आभाळ. डब्बा ५४ टक्के. अख्खी गल्ली मोबाइल घेऊन ओसरीवर. चहा करून करून बायकोची, सुमनची, साखर संपली. "सहा महिने कोणी फिरकलं नोतं, आता पाहा," म्हणे. खोटं काऊन बोलू, बरं वाटलं.
वामनही आला. पोळ्याच्या तोरणाखाली वीस वर्षं आम्ही दोघं झडत्या म्हणतो. त्यानं माही इज्जत काढायची, मी त्याची, गावानं हसायचं. ऑपरेशन झालं तवापासून गडी मले 'तुम्ही' म्हणते. "बसा बाबाराव, बोलू नोका, तरास होईल." अबे, मेलो नाई मी! हे बोलाले मशीन टेकवेपर्यंत निघून गेला.

१९, मंगळवार
सुमन म्हणे, यंदाही तोरणाखाली जा तुम्ही. मी नाई म्हटलं. एकसुरी घूंघूं आवाज, पोट्टे हसतील. "मंग? हसालेच त जमतात लोकं तिथं." या बाईसमोर काय बोलावं!
गोठ्यात बैलाले एक झडती म्हणून दाखवली. त्यानं कान हलवला. पास.
२५ले तपासणी. गळ्याच्या डाव्या बाजूले हाताले गाठ लागते. सुमनले माहीत हाय. मंजूले नाई सांगितलं.

२२, शुक्रवार. पोळा. दुपार
डब्बा ६. तीन दिवसांत ऊन नाई. मशीन आत्ताच चार्जिंगले लावलं होतं, तेवढ्यात वामन धापा टाकत आला. लेक पुलगावले दवाखान्यात, बाळंतपणाले, अन् याचा फोन बंद. मशीन काढलं, त्याचा फोन लावला. त्यानं पाह्यलं.

तोच दिवस, दिवेलागण
वामनले नात झाली! माह्याच ओसरीवर फोन आला. देवा, तुही किरपा.
मंग तोरणाखाली गेलो. मशीन टेकवलं त डफडं थांबलं, बैलाच्या घुंगरांशिवाय काही ऐकू येईना. माहा चांगला आवाज होता तवाही गाव इतकं चूप बसलं नोतं.
"वामनचा बैल बारीक, वामन मोठा,
ढेप खाते मालक, बैलाले तोटा, हर बोला!"
हर हर महादेव! लोकं पोट धरून हसले.
वामन समोर आला. वाटलं, झालं, आता हा हात जोडते.
"आयक बे बाबाराव!
बाबारावच्या गळ्यात बसला भुंगा,
म्हातारपणी गडी घालते दंगा!"
'बे' म्हटलं. ऑपरेशनानंतर पयल्यांदा. डोळे भरून आले माहे, लपवले नाई.
उत्तर तयार होतं, असं झणझणीत! मशीन टेकवलं अन् बॅटरी खतम. ओठ हलून राह्यले, आवाज नाई. खिशातून कागद-पेन काढला त वामननं हात धरला.
"लिहून नाई चालत. तोरणाखाली बोलाच लागते. पुढच्या पोळ्याले येजो."
मी मान हलवली. तरी त्यानं हात सोडला नाई. "येजो बे," पुन्हा म्हणे.

२५, सोमवार. सकाळ
लाइन अजून नाई, पण काय ऊन पडलं! डब्बा ८१. मशीन फुल्ल. दहाच्या बसनं वर्ध्याले, तपासणीले. वामन सोबत येऊन राह्यला. कशाले म्हटलं त म्हणे, चूप बस बे.
सुमननं दशम्या बांधल्या. पाटी टिनावरच राहू दे म्हटलं तिले.
वामनले द्याचं उत्तर इथं लिहीत नाई. तो वही चाळते, माहीत हाय मले. डोक्यात पक्कं हाय. वर्षभर सांभाळा लागते.