मी न लिहिलेलं पुट्स

गंगापूर रोड, नाशिक
फेब्रुवारी २००३

ती. दाजींना वाल्मीकचा साष्टांग नमस्कार. ताईचा गुडघा आणि तुमची द्राक्षं, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा. (गुडघा आधी विचारलाय, हे तिला वाचून दाखवा.)

निफाडला तोड तोंडावर आली आणि तुमच्या शीतगृहाचं तापमान सांभाळणारं यंत्र अजून माझ्याच टेबलावर, म्हणून रागावला असाल. पण आधी ऐका. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. यंत्रातली चिप एवढीशी, म्हणून त्याच्यासोबत येणारी तयार फंक्शनं मी सगळी वगळली आणि डिस्प्लेवर अक्षरं उमटवणारं ‘प्रिंटएफ’ तेवढं स्वतः लिहिलं. प्रोग्राम आटोपशीर व्हावा म्हणून कंपायलरला ‘स्वतःचं डोकं चालव’ अशी सेटिंगही लावली. तर उत्तर आलं, ‘पुट्स’ सापडत नाही. अहो, पुट्स हा शब्द मी जन्मात लिहिला नव्हता!

संशय गेला ऑफिसातल्या कौसरवर. दुसऱ्याचा प्रोग्राम न विचारता दुरुस्त करायची तिला खोडच आहे. जाब विचारला, तर म्हणाली, “मी घातलं असतं, तर चाललं असतं.” मग तिनंच चोर दाखवला, तो कंपायलरच! ज्या ओळीत नुसते शब्द, आकडा एकही नाही, तिथं एवढं मोठं प्रिंटएफ कशाला, म्हणून त्यानं परस्पर त्या तयार फंक्शनांतलं हलकं पुट्स बोलावलं होतं. पाहुण्याला पाणी द्यायला आपण हंडा मागावा आणि घरच्या माणसानं समजून तांब्या शोधावा, तसं. तांब्या मीच घराबाहेर काढलेला, त्याला तो बिचारा काय करणार? मला तर त्याचं फार कौतुक वाटलं. सांगितलं तेवढंच करणारे पुष्कळ (मी त्यातलाच), न सांगता ओळखणारा विरळा.

सेटिंग काढावी, तर प्रोग्राम चिपमध्ये मावेना. शेवटी कौसरनं चार ओळींत आमचं घरचं पुट्स लिहून दिलं आणि डिस्प्लेवर इंग्रजी अक्षरांत झळकलं, ‘नमस्कार दाजी’! सगळं ऑफिस उठून पाहायला आलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तुमचा
वाल्मीक

ता. क. यंत्र उद्याच्या एस.टी.नं पाठवतो.

ता. क. आणखी एक. ते तूर्त नमस्कारच करतं. तापमान त्याला अजून कळत नाही. तोडीला माणसं सांगितली असतील, तर आठवडाभर थांबवा. आणि हे ताईला तुम्हीच सांगा.